थोरलीला मुदतवाढ

३ मार्च

प्रिय वन्संना,

नमस्कार. फोनवर ऑफिसचा विषय काढला की तुम्ही लगेच हवापाण्यावर घसरता, म्हणून यावेळी कागद घेऊन बसले आहे. तुम्हीच म्हणता ना, बोललेलं कुणाला दाखवता येत नाही, लिहिलेलं दाखवता येतं. तेव्हा हे पत्र हवं तर अख्ख्या अर्थखात्याला दाखवा. तुमचा दादा शेजारी बसून मला सांगतोय की तिला यात ओढू नकोस. मी त्याला भाजी चिरायला पाठवलंय.

आमच्या मधमाशी संशोधन केंद्राचा जुना प्रकल्प मागच्या महिन्यात संपला. नवा मंजूर होऊन पडलाय. सह्या-शिक्के सगळं झालंय, फक्त पैसे यंदाच्या अर्थसंकल्पातून यायचे होते. आता सभागृहातली मंडळी अर्थसंकल्पावरून हमरीतुमरीवर आलीत आणि सरकार जुन्याच आकड्यांवर एकामागून एक मुदतवाढ घेत चाललंय. परवा तुमच्या खात्याचं परिपत्रक आलं. मुदतवाढीच्या काळात चालू कामं चालू ठेवावीत, नवीन काम सुरू करू नये, नवीन काही विकत घेऊ नये. म्हणजे जुना प्रकल्प संपला म्हणून तो चालू नाही, आणि नवा सुरू झाला नाही म्हणून तो करायचा नाही. माझ्या माश्या सध्या कुणाच्याच नाहीत.

माश्यांना यातलं काही कळत नाही. फुलं आली की पेटी भरते, आणि पेटी भरली की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन घर सोडते. मागे राहिलेल्यांसाठी नवी राणी तयार होत असतेच. बाहेर पडलेला थवा थोडा वेळ एखाद्या फांदीला लटकून राहतो. तेवढ्यात रिकामी पेटी पुढे केली तर आपला, नाहीतर गेला रानात. आणि या साध्यासुध्या माश्या नव्हेत. अकरा वर्षं निवडून निवडून तयार केलेला हा वंश आहे. पोळ्यात कुठली अळी, म्हणजे माशीचं पिल्लू, आजारी पडली की या माश्या तिच्या घराचं झाकण फोडतात, अळी ओढून काढतात आणि बाहेर नेऊन टाकतात. रोग पसरतच नाही. औषध लागत नाही. आम्ही त्यांना टापटीप म्हणतो. त्यांच्यातली सगळ्यांत गुणी राणी म्हणजे आमची थोरली. ती उडून गेली तर मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढी वर्षं माझ्या नोकरीत उरलेली नाहीत.

मला वीसेक रिकाम्या पेट्या हव्या आहेत. त्या नव्या प्रकल्पात आहेत, म्हणून अडल्यात. तुमच्याकडून पैसे नकोत. फक्त एक ओळ हवी, की रिकामी पेटी ही नवीन खरेदी नसून देखभालीची वस्तू आहे. तुमच्या हातची एक ओळ आणि माझं काम झालं.

तुमची वहिनी


९ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. दादाला भाजी चिरायला लावलीस हे छान केलंस. आईच्या राज्यात त्याला कुणी सुरी हातात दिली नव्हती.

ओळ मी लिहिणार नाही. लिहू शकत नाही असं म्हणून अंग काढून घेत नाही, लिहिणार नाही असंच म्हणते. तुमच्या केंद्राची फाइल माझ्याकडे आली त्याच दिवशी मी ती समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे दिली आणि कारण लिहिलं, 'संबंधित अधिकारी माझी भावजय आहे'. आता ती फाइल मला उघडताही येत नाही. तो माणूस चांगला आहे, पण नियमाला माझ्याहून पक्का आहे.

तू परिपत्रकावर दात खाल्ले असशील. पण ते का आहे तेवढं ऐक. ते वाक्य मीच लिहिलंय. घरातल्या मोठ्यांचं अजून ठरत नाहीये, तेव्हा चूल पेटती ठेवायची, कुणाला उपाशी ठेवायचं नाही, पण स्वयंपाकघराची भिंतही पाडायची नाही. उद्या ते भिंत नको म्हणाले तर परत कोण बांधणार? ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांच्या वतीने आपण नवीन काही सुरू करायचं नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे. त्यात तुझ्या माश्यांचा राग कुठेही नाही.

आणि त्याच परिपत्रकाचा शेवटचा परिच्छेद कुणी वाचत नाही. जिवंत असलेलं जिवंत ठेवावं, असं तिथे लिहिलंय. तूही वाचलेला दिसत नाहीस.

तब्येतीला जप. इकडे सगळं ठीक.

तुझी नणंद


२० मार्च

प्रिय वन्संना,

नमस्कार. शेवटचा परिच्छेद वाचला. दोनदा वाचला. त्यात माश्यांना साखरपाणी घाला, पेट्यांवर छप्पर ठेवा, असं सगळं बसतं. थवा फुटला तर काय करा, ते नाही. तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर मला आधी राग आला आणि मग वाटलं, बरं झालं, निदान कुणावर रागवायचं ते तरी घरातलंच माणूस मिळालं. तुम्ही माझी एक ओळ नाकारलीत हे मला लागलंय, वन्सं. लपवून काय करू?

आमचे संचालक म्हणतात, वाद नको. पेट्यांमध्ये नव्या राण्यांची घरं तयार झाली की दर आठवड्याला हातानेच मोडत जा, म्हणजे माश्या फुटणार नाहीत, अर्थसंकल्प पास होईपर्यंत गप्प बसू. बरोबर आहे, फुटणार नाहीत. पण मी अकरा वर्षं ज्या राण्यांसाठी घालवली त्या अंगठ्याने चिरडायच्या कशा? मी त्यांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मग जबाबदारी तुमची. मी म्हटलं, माझीच आहे.

काल सकाळी पहिला थवा फुटला. थोरलीचा नव्हे, शेजारच्या पेटीतला. संचालकांच्या गाडीच्या आरशाला लोंबत होता. संचालक काचा वर करून आत बसले होते आणि मला आतूनच हातवारे करत होते. पेटी नव्हती, म्हणून मी भंगारातल्या टेबलाचा खण आणून त्यात माश्या घेतल्या. त्या खणाला कुलूप होतं आणि किल्ली हरवलेली, तेव्हा आता सरकारी थवा सरकारी खणात आहे आणि त्यावर कुणाला आक्षेप घेता येणार नाही.

पण खण तरी किती आहेत? रागात का होईना, एक विचारून ठेवते. सरकारी माशी खासगी पेटीत बसू शकते का? म्हणजे पेटी दुसऱ्याची, अंगण दुसऱ्याचं, माश्या आमच्या. तुमच्याकडून उत्तर येईल अशी आशा नाही, पण तुमचा दादा म्हणतो, विचारायला काय जातं.

तुमची वहिनी


२८ मार्च

प्रिय वहिनी,

राग आला तर लिहीत जा. माझ्याकडे येणाऱ्या कागदांमध्ये राग कुणीच लिहीत नाही, सगळे 'सविनय' असतात.

तुझा प्रश्न चांगला होता. मी माझ्या खुर्चीवरून त्याचं उत्तर शोधलं असतं तर ती ओळखीची सोय झाली असती. म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, खाली तळमजल्यावर गेले आणि चौकशीच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या मुलीने मला पाहिलं आणि ती उठूनच उभी राहिली. मी तिला म्हटलं, बस, मी आत्ता नागरिक आहे. माझ्यापुढच्या गृहस्थांना पेन्शनचं विचारायचं होतं, ते मागे वळून म्हणाले, मग मीही नागरिकच आहे, मला का बसायला सांगत नाही? एवढं हसू मला त्या इमारतीत कधी आलं नव्हतं.

तिने वर विचारून लेखी उत्तर दिलं. सरकारी जिवंत साठा नागरिकाकडे विनामोबदला सांभाळायला ठेवता येतो. कधीकाळी पोलिसांच्या घोड्यांसाठी केलेली सोय आहे, रद्द कुणी केलेली नाही. पेटी नागरिकाची, जागा नागरिकाची, माश्या सरकारच्या. सरकार काही विकत घेत नाही. केंद्राने पावती घ्यायची आणि केंद्राने मागितला की नागरिकाने साठा परत द्यायचा. उत्तराची प्रत सोबत जोडली आहे. हे कुणालाही मिळालं असतं, म्हणून तुलाही पाठवते.

आता माणसं शोधायचं काम तुझं. आज पुन्हा मुदतवाढ झाली. इकडे कुणाला घाई दिसत नाही.

तुझी नणंद


२२ एप्रिल

प्रिय वन्संना,

नमस्कार. इतके दिवस पत्र नाही म्हणून रुसला असाल तर रुसा, मला नखं कापायलाही वेळ नव्हता. सूचना लावली, आणि मला वाटलं होतं चार माणसं येतील. दाराशी गर्दी झाली. बेकरीवाला आला, टपाल वाटणाऱ्या बाई आल्या, दोन शाळांच्या मुख्याध्यापिका एकमेकींशी भांडत आल्या की आधी कुणाला. पेट्यांची मापं आम्ही लिहून दिली होती. एकाने माप सोडून बायकोच्या कपाटाचा वरचा कप्पाच कापून आणला. बायको मागोमाग आली, तिने आधी त्याला झापलं आणि मग विचारलं की माश्या कधी मिळतील. सगळ्यांना दोन-दोन दिवस शिकवलं. थवे फुटत गेले तसे एकेक देत गेले. एकही थवा रानात गेला नाही, हे मी छाती फुगवून सांगते.

थोरलीचं मात्र अडलं होतं. ती कुणालाही द्यायची नव्हती. माझ्या घरी ठेवणार होते, पण तुमच्या दादाला एकच माशी चावली आणि त्याचा चेहरा असा सुजला की डॉक्टरांनी घरात पेटी आणायला साफ मनाई केली. आणि त्याच दिवशी संचालकांनी एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. राजधानीतला, सोबत वरिष्ठांची लेखी परवानगी, नात्याचा उल्लेख पहिल्याच ओळीत, बाल्कनीचं माप आणि सकाळचं ऊन किती वेळ येतं त्याची नोंद. वन्सं, तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत.

मी तुम्हाला थोरली दिली. संचालक बिचकत होते, मी म्हटलं, नियमाने वागणारं याहून पक्कं माणूस देशात मिळणार नाही. पण तुम्ही पेटी घेऊन गाडीत बसल्यावर तुमच्या दादाने मला सांगितलं की लहानपणी साधी घरमाशी आली तरी तुम्ही पांघरुणात शिरायचात, आणि अजूनही तुम्ही खिडकीला जाळी नसेल तिथे झोपत नाही. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. खरं सांगा, कशा आहात?

तुमची वहिनी


२१ मे

प्रिय वहिनी,

दादाला म्हणावं, घरातल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात, वहिनीला तर मुळीच नाही.

मी ठीक होते. पहिला आठवडा बाल्कनीचं दार उघडलंच नाही, काचेतून बघत बसले. मग एके सकाळी एक माशी आतल्या बाजूला अडकली, काचेवर डोकं आपटत होती, आणि तिला बाहेर सोडायला दुसरं कुणी घरात नव्हतं. पेला आणि पोस्टकार्ड घेऊन मीच सोडली. त्यानंतर भीती गेली असं नाही, पण ती माझ्याबरोबर बाल्कनीत येऊन बसायला लागली. आता संध्याकाळी ऑफिसातून आले की आधी त्यांच्याकडे जाते. आई गेल्यापासून दाराला किल्ली लावताना मला नकोसं व्हायचं. आत कुणी नसायचं. आता आत एक आवाज असतो. हे तुला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

आणि आता मी सगळं घालवलंय, वहिनी. परवापासून पेटीच्या दारासमोर पांढऱ्या अळ्या पडलेल्या दिसतात. मेलेल्या. काल दहा-बारा, आज त्याहून जास्त. माश्या स्वतःच ओढून आणून टाकताहेत. मी काय चुकले ते कळत नाही. खालच्या मजल्यावर रंगकाम चाललंय, त्याचा वास असेल, की मी पेटी हलवली असेन? औषधांच्या दुकानात विचारलं तर त्यांनी कसलीशी पूड दिली, पेटीत टाका म्हणाले. ती टेबलावर आहे. तुला विचारल्याशिवाय हात लावलेला नाही. तुझी अकरा वर्षं माझ्या बाल्कनीत मरताहेत असं वाटून मला जेवण जात नाही. काय करू ते लगेच कळव. फोन केलास तरी चालेल.

तुझी नणंद


२४ मे

प्रिय वन्संना,

फोनवर मी नुसती हसत होते आणि तुम्ही चिडून फोन ठेवलात, म्हणून आता शांतपणे लिहिते. ती पूड कचऱ्यात टाका. अळ्या झाडून एका बाटलीत भरा आणि मला पाठवा. दुसरं काहीही करू नका.

तुमचं काही चुकलेलं नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, आजारी अळी दिसली की या माश्या तिला ओढून बाहेर टाकतात. तुम्ही तेच बघितलंत. शहरात रोग आहे, शेजारपाजारच्या माश्यांकडून तुमच्या पेटीत आला, आणि थोरलीच्या लेकी घर साफ करायला लागल्या. मरत नाहीयेत त्या, झाडू मारताहेत. पेटीच्या दारात माश्यांची ये-जा आधीइतकीच आहे असं तुम्ही फोनवर कबूल केलंत, ते आठवा.

आता मी का हसत होते ते सांगते. नव्या प्रकल्पाचा प्रश्नच हा होता की आमच्या स्वच्छ टेकडीवर टापटीप राहणाऱ्या या माश्या बाहेरच्या घाणीत, रोगात, गर्दीत तशाच राहतील का. त्यासाठी पेट्या निरनिराळ्या ठिकाणी ठेवायच्या होत्या. पण ती ठिकाणं आम्हीच निवडणार होतो, सगळी आमच्या जवळची आणि आमच्या सोयीची. पैसे अडल्यामुळे माश्या बेकरीमागे गेल्या, शाळेत गेल्या, टपालबाईंच्या गच्चीवर गेल्या, तुमच्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. तुमच्या पत्राच्या आदल्याच दिवशी बेकरीवाला रडवेला होऊन अळ्या घेऊन आला होता. काल एक मुख्याध्यापिका आल्या. रोग सगळीकडे पोहोचलाय आणि एकही पेटी दगावलेली नाही. आमच्या संचालकांनी हे ऐकलं आणि ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, मी राण्या मोडायला सांगितल्या होत्या हे कुठे लिहू नका. मी त्यांना कबूल केलं, म्हणून इथे तुम्हालाच लिहितेय.

आणि तुम्ही पूड टाकली असतीत तर सगळं वाया गेलं असतं. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, या तुमच्या ज्या सवयीवर मी मार्चमध्ये दात खात होते तिनेच थोरलीला वाचवलं. माझा राग मी परत घेते. जेवून घ्या.

तुमची वहिनी


१६ जुलै

प्रिय वहिनी,

महिन्याच्या सुरुवातीला अर्थसंकल्प पास झाला. तुझ्या प्रकल्पाची मंजुरी समोरच्या टेबलावरून निघाली, हे मला सहकाऱ्याने सांगितलं नाही, पण त्याने माझ्यापुढे पेढ्याऐवजी मधाची बाटली ठेवली तेव्हा कळलं. मन भरून आलं. अभिनंदन तुझं आणि थोरलीचं.

आज टपालात तुमच्या केंद्राचं पत्रही आलं. नवीन पेट्या आल्या असल्याने सांभाळायला दिलेला साठा महिनाअखेर परत करावा. खाली तुझी सही आहे. पत्र नियमाला धरून आहे, त्यात मला कुठे बोट ठेवायला जागा नाही. मी दोनदा शोधली.

संध्याकाळी पेटीजवळ बसले आणि मग हा अर्ज लिहिला. सोबत जोडला आहे. अर्जदाराकडील काम सुरळीत चालू असून जिवंत असलेलं जिवंत आहे. सबब जुन्याच अटींवर तात्पुरती मुदतवाढ मिळावी. फार काही मागत नाही, वहिनी. तुझ्या हातची एक ओळ हवी.

तुझी नणंद


२३ जुलै

प्रिय वन्संना,

अर्ज मिळाला. अर्जदार माझी नणंद असल्याने तो मी उघडला नाही. कारण लिहून समोरच्या टेबलावर दिला. तिथे आमचे संचालक बसतात. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला आणि विचारलं की मुदतवाढ किती दिवसांची. मी म्हटलं, मला त्यात बोलता येणार नाही, नातं आहे. मग त्यांनी आपल्याच मनाने लिहिलं. ओळ अशी आहे, 'थोरली आहे तोवर.'

पुढच्या महिन्यात मी आणि तुमचा दादा तुमच्याकडे राहायला येतोय. तो काचेच्या आतच बसेल. आपण दोघी बाहेर बसू.

तुमची वहिनी